पाचारण : मनाची ओढ की ख्रिस्तसभेची हाक?

संध्यादीप

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाने पदवीचा निकाल लागल्यानंतर दोनच दिवसांनी, रात्री सगळे जेवत असताना, आपण कॅथलिक धर्मगुरू होण्याचा विचार करत आहोत असे सांगितले. एरवी रोज पाचारणासाठी प्रार्थना करणारी आई एकदम गप्प झाली. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘तुला पाचारण आहे हे तू कशावरून म्हणतोस?’’ ‘‘आतून वाटते’’ यापलीकडे त्याला काही सांगता आले नाही. याच मुलाला चार वर्षांपूर्वी वैमानिक व्हावे असेही आतूनच वाटले होते, त्यामुळे वडिलांचे समाधान झाले नाही यात नवल नाही.

मी त्याच्या बाजूने बोलायला गेले तेव्हा लक्षात आले की हा शब्द लहानपणापासून ऐकत आले असूनही त्याचा अर्थ मला नेमका सांगता येत नाही. देव हाक मारतो म्हणजे काय होते? ती हाक खरी की आपल्याच मनाचा खेळ, हे कोण ठरवते? आणखी एक शंका आहे. माझी मावसबहीण धर्मभगिनी आहे आणि तिच्या अखेरच्या व्रतग्रहणाला आम्ही सगळे गेलो होतो. तो विधी आणि धर्मगुरूंची गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरुपद देण्याचा विधी, हा एकच संस्कार आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पोथीवाला

संध्याताई, आपल्या वडिलांचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी थेट रोमपर्यंत गेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील ईशज्ञानाच्या अभ्यासकांत यावरून मोठा वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे असे की पाचारण म्हणजे अंतःकरणात जाणवणारी ओढ, आणि ती जाणवत नसेल त्याने गुरुदीक्षेच्या वाटेला जाऊ नये. दुसरा पक्ष म्हणत होता की ओढ असो वा नसो, बिशप जेव्हा योग्य उमेदवाराला दीक्षेसाठी बोलावतात तेव्हाच पाचारण पूर्ण होते. अखेर कार्डिनलांच्या समितीपुढे विषय आला आणि १९१२ साली पोप दहावे पायस यांनी मान्य केलेल्या निर्णयाने दुसऱ्या पक्षाची बाजू उचलून धरली. त्या निर्णयाचा आशय असा होता की बिशपांनी मुक्तपणे निवड करण्यापूर्वी दीक्षेवर कोणाचाही हक्क नसतो, आतली ओढ ही पाचारणाची अनिवार्य खूण नव्हे, आणि उमेदवाराकडे शुद्ध हेतू व त्या पदाला लागणारी पात्रता असली म्हणजे पुरे.

म्हणून ‘‘आतून वाटते’’ हे आपल्या भावाचे उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे उत्तर देणे त्याच्या हातात नाही. बायबलमधील इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलेच आहे की हा मान कोणी स्वतःहून घेत नाही, अहरोनाप्रमाणे देवाने बोलावलेल्यालाच तो मिळतो.

पहिल्या शतकांत तर ओढीचा प्रश्न पुष्कळदा उद्भवतच नसे. मिलानमध्ये ३७४ साली नव्या बिशपांच्या निवडीवरून दोन गटांत तंटा पेटला, तेव्हा प्रांताधिकारी अँब्रोज शांतता राखण्यासाठी चर्चमध्ये गेले आणि जमावाने त्यांच्याच नावाचा घोष सुरू केला. त्यांचा स्नानसंस्कारही (बाप्तिस्माही) झालेला नव्हता. त्यांनी टाळण्याचे नाना प्रयत्न केले, तरीही आठवड्याभरात स्नानसंस्कारापासून बिशपपदापर्यंतचा सगळा प्रवास उरकला. ऑगस्टीन यांची कथा त्याहून हृद्य आहे. ३९१ साली ते हिप्पो शहरात एका परिचिताला भेटायला गेले असता लोकांनी त्यांना मिस्सेच्या वेळी धरून वृद्ध बिशप व्हॅलेरियस यांच्यापुढे उभे केले आणि दीक्षा देण्याचा आग्रह धरला. ऑगस्टीन रडू लागले. बिशप न करता नुसतेच धर्मगुरू करतात म्हणून ते रडत असावेत असे वाटून काही भाबड्यांनी ‘हेही पद मोठेच आहे’ अशी त्यांची समजूत घातली, असे त्यांच्या चरित्रकाराने नोंदवले आहे!

आज अशी बळजबरी झाल्यास ती कायद्याविरुद्ध ठरेल. १९८३च्या धर्मविधिसंहितेनुसार, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार, कोणालाही दीक्षेसाठी भाग पाडता येत नाही, आणि हे पद आपण स्वेच्छेने स्वीकारत आहोत असे निवेदन उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहून, सही करून द्यावे लागते. तरीही त्या जुन्या गोष्टींतला गाभा टिकून आहे. हाक बाहेरून येते, आणि ती पुष्कळदा इतरांना आधी ऐकू येते.

प्रश्नचिन्ह

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा आवडीने वाचत आहे. पोथीवाले, आपले विवेचन वाचून मला पाचारण म्हणजे नोकरभरती वाटू लागली आहे. अर्ज करायचा, पात्रता तपासायची आणि साहेबांनी निवड करायची. मग यात देव कुठे राहिला? भक्तिपरंपरेत जी तळमळ असते तिला आपल्याकडे काहीच किंमत नाही का?

पोथीवाला

तळमळीला किंमत आहेच. फक्त तिने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देऊ नये एवढेच म्हणणे आहे. बायबलमधील पहिल्या शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायात देव रात्री लहानग्या शमुवेलाला नावाने हाक मारतो आणि तो तीनदा एली याजकाकडेच धावत जातो. हाक खरी होती, देवाची होती, तरी ज्याला ती आली त्याला ती ओळखता आली नाही. ओळखली ती एलीने, ज्याची दृष्टी मंदावली होती आणि ज्याचे स्वतःचे घर बिघडलेले होते. मला ही कथा या विषयावरच्या अनेक प्रवचनांपेक्षा अधिक सांगून जाते, कारण तिच्यात हाक ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा असतो, आणि ओळखणारा निर्दोष असावा अशी अटही नसते.

शांतिवन

मी सेमिनरीत पाच वर्षे काढली आणि डीकन (धर्मगुरुपदाच्या आधीची पायरी) होण्यापूर्वी बाहेर पडलो, म्हणून थोडे अनुभवाचे लिहितो.

संध्याताई, आपल्या घरच्यांना वाटते तसे दार एकदम बंद होत नाही. धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी असावी हा ट्रेंट परिषदेचा १५६३ सालचा निर्णय. त्यापूर्वी हे शिक्षण कुठे कसे होई याला धरबंध नव्हता. आजच्या नियमाप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचाच अभ्यास मिळून किमान सहा वर्षांचा असतो, आणि २०१६ साली व्हॅटिकनने काढलेल्या मार्गदर्शक आराखड्यात त्याच्या आधी पूर्वतयारीचा स्वतंत्र टप्पा सांगितलेला आहे. पंचविशी पूर्ण होण्याआधी धर्मगुरू होता येत नाही आणि डीकनपदानंतरही किमान सहा महिने थांबावे लागते. एवढी वर्षे लागतात ती पाठांतरासाठी नव्हेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली या घडणीची चार अंगे सांगितली, मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि मेंढपाळपणाचे (म्हणजे लोकांची काळजी वाहण्याचे), आणि त्यांतले मानवी अंग सगळ्यांचा पाया आहे असे ठामपणे लिहिले. सेमिनरीत मला याचा अर्थ फार साध्या गोष्टींतून कळला. सोबतच्या मुलाशी आठवडाभर अबोला धरणारा मी, पुढे कोणाच्या पापनिवेदनाला बसणार होतो?

मी बाहेर पडलो ते श्रद्धा उडाली म्हणून नव्हे. माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी दोन वर्षे धीराने विचारलेल्या प्रश्नांतून हळूहळू स्पष्ट झाले की मला धर्मगुरूंचे काम आवडत होते, पण त्याहून अधिक मला त्यांना मिळणारा मान आवडत होता. वर ज्याला शुद्ध हेतू म्हटले आहे तो असा तपासला जातो. बाहेर पडल्यावर काही नातेवाइकांनी ‘‘पाचारण गमावले’’ म्हणून हळहळ व्यक्त केली, आणि ते शब्द मला फार दिवस बोचत राहिले. आज मी ते मानत नाही. सेमिनरी ही पाचारण पारखण्याची जागा आहे, आणि पारख झाल्यावर ‘हे नव्हे’ असे उत्तर निघाले तर ती जागा आपले काम चोख करत आहे असेच म्हणावे लागेल. भावाला जाऊ द्या. आणि तो परत आला तर त्याच्या पानात निमूटपणे वाढा, ही माझी खास विनंती आहे.

उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे. जॉन मेरी व्हिएनी यांना लॅटिन काही केल्या येत नव्हते आणि परीक्षेत ते नापास झाले. तरीही त्यांची भक्ती आणि साधेपणा पाहून वरिष्ठांनी त्यांना पुढे नेले व १८१५ साली त्यांची गुरुदीक्षा झाली. आर्स या खेड्यात त्यांच्यापुढे पापनिवेदनासाठी दूरदूरचे लोक रांगा लावीत, आणि १९२९ साली त्यांना धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयसंत ठरवण्यात आले.

संध्यादीप

शांतिवन, आपण मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. आपला प्रतिसाद मी वडिलांना वाचून दाखवला. वाढण्याविषयीचे वाक्य ऐकून आई पहिल्यांदा बोलली, एवढे सांगते. आता प्रत्यक्ष विधीविषयी वाचायला आवडेल. मी एकच गुरुदीक्षा पाहिली आहे आणि त्यातले जमिनीवर पालथे पडणे तेवढे लक्षात राहिले आहे.

पोथीवाला

ते सर्वांच्याच लक्षात राहते, पण संस्काराचे मर्म तिथे नाही. साष्टांग पडलेल्या उमेदवारासाठी सारी सभा संतांची लितानी, म्हणजे संतांना नावानिशी केलेली विनवणी, म्हणते. ती तयारी आहे. मूळ क्रिया त्यानंतरची आहे. बिशप उमेदवाराच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवतात, आणि त्या वेळी एक शब्दही उच्चारत नाहीत. मग उपस्थित सर्व धर्मगुरू एकामागून एक येऊन तसेच हात ठेवतात, आणि बिशप दीक्षेची प्रार्थना म्हणतात. हस्तस्पर्श आणि ही प्रार्थना एवढ्यानेच संस्कार होतो. पुढे गळ्यात घातली जाणारी स्टोल (पदाची खूण असलेला पट्टा), तळहातांना लावले जाणारे पवित्र तेल, हाती दिली जाणारी भाकर आणि द्राक्षारसाचा प्याला, हे सगळे नुकत्याच घडलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण आहे.

हे आज सोपे वाटत असले तरी मध्ययुगात प्याला आणि तबक हाती देणे हाच संस्काराचा गाभा मानला जाई, आणि फ्लॉरेन्सच्या परिषदेच्या १४३९ सालच्या एका आज्ञापत्रातही तसेच लिहिले गेले. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत मात्र असे हाती देणे नव्हतेच, तरी त्यांची दीक्षा वैध मानली जात होती. हा गुंता पोप बारावे पायस यांनी १९४७ साली सोडवला आणि यापुढे हस्तस्पर्श हेच संस्काराचे बाह्य चिन्ह असे ठरवून टाकले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सात जणांवर प्रेषितांनी जे केले तेच हे आहे.

संस्कार एक, पण पायऱ्या तीन : डीकन, धर्मगुरू आणि बिशप. डीकनच्या मस्तकावर एकटे बिशप हात ठेवतात, कारण त्याची दीक्षा याजकपणासाठी नसून सेवेसाठी असते. नव्या बिशपांवर मुख्य दीक्षादात्यासोबत आणखी किमान दोन बिशप हात ठेवतात, ज्याचा धागा ३२५च्या निकाया परिषदेपर्यंत मागे जातो. द्वाररक्षकापासून उपडीकनपर्यंतच्या जुन्या खालच्या पायऱ्या पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली काढून टाकल्या. वाचक आणि वेदीसेवक या दोन सेवा तेवढ्या ठेवल्या, आणि २०२१पासून त्या स्त्रियांनाही अधिकृतपणे दिल्या जातात.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला तो भाग. विधीच्या आरंभी उमेदवाराचे नाव पुकारले जाते आणि तो ‘‘मी उपस्थित आहे’’ असे म्हणून पुढे येतो. त्याला सादर करणाऱ्या धर्मगुरूंना बिशप विचारतात, ‘‘तो योग्य आहे हे तुम्हांला ठाऊक आहे काय?’’ उत्तरात ते ग्वाही देतात की ख्रिस्ती जनांकडे चौकशी केली आहे, जबाबदार व्यक्तींनी शिफारस केली आहे आणि तो योग्य ठरला आहे. मग बिशप त्याची निवड करत असल्याचे सांगतात आणि सभा देवाचे आभार मानून होकार देते. बालपणापासून जी हाक मनात होती ती सगळ्यांच्या देखत, माणसाच्या आवाजात, नावानिशी ऐकू येण्याचा हा क्षण आहे, आणि आपल्या वडिलांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळण्याचाही.

प्रश्नचिन्ह

नोकरभरतीचा शब्द मी मागे घेतो. पण मग अडचण अशी की एवढी पारख करूनही वाईट माणूस निवडला गेला तर काय? अशी प्रकरणे जगभर उघडकीस आली आहेत. दीक्षा रद्द होते का? आणि स्त्रियांना व विवाहितांना हे दार बंद का?

पोथीवाला

आपले प्रश्न टोकदार आहेत आणि ते विचारायलाच हवेत. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर कधीही न पुसणारा ठसा उमटवतात, म्हणून ते दुसऱ्यांदा दिले जात नाहीत आणि मागेही घेता येत नाहीत. धर्मगुरूला त्या अवस्थेतून काढून टाकता येते, त्याचे सर्व अधिकार आणि कामे काढून घेता येतात, आणि गंभीर गुन्ह्यांत तसे केलेही जाते. मात्र झालेली वैध दीक्षा ‘झालीच नव्हती’ असे होत नाही. म्हणूनच पदमुक्त झालेला धर्मगुरूदेखील मरणासन्न व्यक्तीचे पापनिवेदन ऐकून तिला क्षमा देऊ शकतो, अशी तरतूद संहितेत आहे. पापी धर्मगुरूने दिलेला संस्कार खरा असतो का, हा वाद ऑगस्टीन तो खरा नसतो म्हणणाऱ्या डोनाटसपंथीयांशी वर्षानुवर्षे खेळले. स्नानसंस्कार कोणीही देवो, ख्रिस्तच देतो, हे ऑगस्टीन यांचे उत्तर. ही शिकवण भाविकांच्या आधारासाठी आहे. गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठी तिचा वापर झाला असेल तर तो तिचा विपर्यास आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विवाहाचा प्रश्न आणि स्त्रियांचा प्रश्न एका जातीचे नाहीत. ब्रह्मचर्य ही लॅटिन, म्हणजे पाश्चात्त्य कॅथलिक, परंपरेची शिस्त आहे. बाराव्या शतकातल्या लॅटरन परिषदांनी दीक्षित धर्मगुरूंचे विवाह अवैध ठरवले, परंतु पोपशी एकनिष्ठ असलेल्या अनेक पौर्वात्य ख्रिस्तसभांत विवाहित पुरुषांना आजही गुरुदीक्षा मिळते. लॅटिन परंपरेतही १९६७पासून कायमस्वरूपी डीकनपद पुन्हा सुरू झाले असून पस्तिशी ओलांडलेल्या विवाहिताला पत्नीच्या संमतीने ते मिळू शकते. स्त्रियांच्या गुरुदीक्षेबाबत मात्र पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ साली जाहीर केले की ती देण्याचा अधिकारच ख्रिस्तसभेकडे नाही आणि हा निर्णय कायमचा मानावा. त्यावर ख्रिस्तसभेतही अस्वस्थता आहे हे मी लपवणार नाही, पण तो विषय स्वतंत्र धाग्याचा आहे.

निरंजनी

मी स्वतः व्रतस्थ आहे, म्हणून संध्याताईंच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर देते. आपल्या बहिणीचे व्रतग्रहण हा संस्कार नव्हे. संस्कार सातच, आणि व्रतग्रहण त्यांत नाही. ते स्नानसंस्काराचीच मुळे खोलवर नेणे आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते आम्ही देवाला वाहतो. गंमत अशी की धर्मप्रांताचे धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाहीत. ते ब्रह्मचर्य पाळण्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतात. उलट कित्येक व्रतस्थ पुरुष ब्रदर म्हणून आयुष्य काढतात आणि दीक्षा घेतच नाहीत. असिसीचे फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, ते डीकन होते असे परंपरा सांगते. २०२२च्या अखेरीस जगात धर्मगुरू ४ लाखांहून थोडे अधिक होते आणि धर्मभगिनी सुमारे ६ लाख, तरीही ‘पाचारण’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त झगा घातलेला धर्मगुरू उभा राहतो, याची मला जराशी खंत वाटते.

पारख मात्र आमच्याकडेही तशीच कसून होते. किमान बारा महिन्यांची उमेदवारी, ज्याला नोव्हिशिएट म्हणतात, त्यानंतर साधारण तीन ते सहा वर्षांची तात्पुरती व्रते, आणि मग आजीवन व्रते. मदर तेरेसांना १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना रेल्वेगाडीत ‘हाकेतली हाक’ ऐकू आली. त्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आल्या नाहीत. त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना सांगितले, आर्चबिशपांना पत्रांमागून पत्रे लिहिली, नकाराला आणि विलंबाला तोंड दिले, आणि रोमची परवानगी मिळाल्यावर १९४८च्या ऑगस्टमध्ये लॉरेटो मठ सोडला. जवळजवळ दोन वर्षे. मला त्या रेल्वेगाडीपेक्षा या दोन वर्षांचे अधिक आश्चर्य वाटते.

संध्यादीप

निरंजनी सिस्टर, हे वाचून मी मावसबहिणीला फोन केला आणि आम्ही बऱ्याच वर्षांनी तासभर बोललो. तिलाही तात्पुरत्या व्रतांच्या चौथ्या वर्षी घरी परतावेसे वाटले होते, हे मला आजवर माहीत नव्हते.

घरी पुन्हा चर्चा झाली. भाऊ पुढच्या महिन्यात पाचारण शिबिराला जाणार आहे, तेही अजून ‘पाहण्यासाठी’. वडिलांनी होकार दिलेला नाही आणि नकारही दिलेला नाही. पोथीवाले काकांनी सांगितलेली ‘ख्रिस्ती जनांकडे चौकशी’ त्यांच्या डोक्यात बसली आहे. चौकशी होईलच तर आपल्यालाही विचारतील का, असे त्यांनी मला दोनदा विचारले. भावाच्या रागीटपणाविषयी त्यांना काही सांगायचे आहे, आणि ते सांगितले तर त्याचे नुकसान होईल का ही भीतीही आहे.

शांतिवन

त्यांना सांगू द्या, आणि आधी भावालाच सांगू द्या. माझ्या वडिलांनी माझ्याविषयी असे काही मनात ठेवले होते, आणि ते मला मी परत आल्यावर कळले.